सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर: ठाण्यातील एका पेन क्लिनिकचा आठ महिन्यांचा अनुभव

ठाणे पश्चिमेला, नौपाड्यातील एका पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे जुनाट दुखण्यांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यात, मी जून २०२४ पासून उपचार घेत आहे. पोटाची शस्त्रक्रिया होऊन वर्षे लोटली तरी दुखणे थांबत नाही, तपासण्यांत काही सापडत नाही आणि आता कोणाकडे जावे हेही कळत नाही, अशा अवस्थेत असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. क्लिनिकचे नाव मी देत नाही, कारण उपचार अजून चालू आहेत आणि पुढे ज्या तक्रारी लिहिल्या आहेत त्या मी त्यांच्या कानावर आधीच घातल्या आहेत. अशा ठिकाणी नेमके काय घडते, काय घडायला हवे आणि त्यासाठी किती पैसे व वेळ जातो, हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मी घणसोलीला राहते आणि शाळेत शिकवते. २००८ मध्ये माझे सीझर झाले आणि डिसेंबर २०१८ मध्ये गाठींमुळे गर्भपिशवी काढावी लागली. दोन्ही वेळा छेद ओटीपोटावर, आडवा आणि त्याच जागी घेतला होता. दुसऱ्या वेळीही टाके व्यवस्थित भरले, मी शाळेत रुजू झाले, आणि मार्च महिन्यात एके दिवशी फळ्यावर लिहिताना टाक्यांच्या उजव्या टोकाशी चमक आली. ती काही दिवसांत जाईल असे वाटले होते, पण गेली नाही. हात उंचावला की आतून ओढ बसे, म्हणून मी फळ्याचा खालचा अर्धाच भाग वापरू लागले, आणि मागच्या बाकांवरील मुलांना तो दिसत नाही म्हणून लिहिलेले सगळे पुन्हा तोंडी सांगू लागले. शिंक, खोकला, कणीक मळणे, जमिनीवरून उठणे, खड्ड्यांतून आपटत जाणारी रिक्षा, या सगळ्यांची मला धास्ती वाटू लागली. परकराची नाडी टाक्यांवर सहन होत नसल्याने मी ती पाच वर्षे जवळजवळ बरगड्यांखाली बांधत होते.

या पाच वर्षांत तीन सोनोग्राफी, एक सीटी स्कॅन आणि एक कोलोनोस्कोपी झाली, आणि दर वेळी रिपोर्ट नॉर्मल आला. घरच्यांना हायसे वाटे. मला मात्र ते पाकीट घेऊन बाहेर पडताना अधिकच एकटे वाटे, कारण दुखणे होते तसेच असे आणि ते कोणाला सांगण्याचा माझा अधिकार त्या रिपोर्टने आणखी थोडा कमी केलेला असे. एका ठिकाणी तर माझ्याकडे न पाहता माझ्या यजमानांना सांगण्यात आले की यांना कशात तरी गुंतवून ठेवा. दुसऱ्या ठिकाणी आतडी चिकटली असतील, दुर्बिणीतून सोडवून पाहू, असे सुचवले गेले आणि त्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही पैशांची जुळवाजुळवही सुरू केली होती. त्याच सुमारास आमच्या शाळेतील एका बाईंनी या क्लिनिकचा पत्ता दिला. त्यांच्या वडिलांना नागीण होऊन गेल्यावर मागे राहिलेल्या आगीसाठी तिथे उपचार झाले होते.

पहिल्या भेटीला पाऊण तास दिला गेला, हे मी सर्वांत आधी नोंदवते. बाहेर भरून घेतलेला फॉर्म इंग्रजीत होता आणि त्यातील दुखण्याच्या प्रकारांपुढे मी अंदाजाने खुणा केल्या होत्या. डॉक्टर बाईंनी तो बाजूला ठेवला आणि मराठीत विचारले: ठणकते का, चमक येते का, आग होते का, कळ येऊन जाते का, की मुरडा पडतो? आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत आणि प्रत्येकाचा रोख वेगळा आहे, याचा उपयोग तोवर कोणीच करून घेतला नव्हता. मुरडा पडून लाटेसारखे येणारे, जेवणाशी किंवा शौचाशी जोडलेले दुखणे बहुधा आतड्यांकडे बोट दाखवते. चमक, आग, मुंग्या आणि नुसता कपडा लागला तरी सहन न होणे, ही लक्षणे मज्जातंतू, म्हणजे संवेदना वाहून नेणारी नस, दुखावल्याकडे नेतात. माझे उत्तर चमक आणि आग असे होते. नाडीची गोष्टही मी त्यांना सांगितली, आणि त्यांनी ती केसपेपरवर लिहून घेतली.

त्यानंतर त्यांनी एका बोटाने जागा दाखवायला सांगितले. इतकी वर्षे मी प्रत्येक डॉक्टरांसमोर अख्खा तळहात उजव्या ओटीपोटावर ठेवत आले होते. बोट टेकवून शोधू लागले तेव्हा माझे मलाच कळले की दुखण्याचे मूळ रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत आहे आणि तिथून ते जांघेकडे पसरते. डॉक्टरांनी कापसाचा बोळा दोन्ही बाजूंना फिरवून पाहिला. डावीकडे तो कापूसच वाटला, उजवीकडे त्या जागेभोवती कोणी बारीक काचकागद फिरवत असल्यासारखे वाटले. मग त्यांनी नेमक्या ठिकाणी बोट दाबून धरले आणि हात छातीवर घडी घालून डोके व खांदे उशीपासून उचलायला सांगितले. पोटाचे स्नायू ताठ झाले आणि दुखणे एकदम इतके वाढले की माझ्या तोंडून आवाज निघाला. त्यांनी लगेच बोट काढले, क्षमा मागितली आणि म्हणाल्या, "हे दुखणे पोटाच्या आत नाही, पोटाच्या भिंतीत आहे."

ही तपासणी जे. बी. कार्नेट या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९२६ मध्ये सांगितली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दुखणे आतल्या अवयवाचे असेल तर ताठलेले स्नायू ढालीसारखे आड येतात आणि दाबल्यावरचे दुखणे कमी होते. ते स्नायूत किंवा त्यातून जाणाऱ्या नसेत असेल तर ताठरपणाने वाढते. या तपासणीला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि एक मिनिटही पुरते. ती एकटीच शंभर टक्के निर्णायक नसते, हेही मला तिथेच सांगण्यात आले. तरीही पाच वर्षांत एकाही ठिकाणी ती झाली नव्हती, याचे मला वाईट वाटते आणि ते मी लपवत नाही.

माझ्यासारख्या आडव्या छेदाला फानेनश्टील छेद म्हणतात. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ हेरमान योहानेस फानेनश्टील यांनी १९०० मध्ये त्याचे वर्णन केले. या छेदाच्या दोन टोकांजवळून इलिओहायपोगॅस्ट्रिक आणि इलिओइंग्विनल असे दोन मज्जातंतू जांघेकडे उतरतात. छेद बाजूला लांबला, टाका नसेला लागून पडला, किंवा पुढे भरून येणाऱ्या व्रणात नस अडकली, तर महिनोन्‌महिने दुखू शकते, आणि इतकी बारीक नस नेहमीच्या सोनोग्राफीत वा सीटी स्कॅनमध्ये सहसा दिसत नाही. म्हणजे माझे रिपोर्ट खोटे नव्हते. ते ज्या प्रश्नाचे उत्तर देत होते, तो प्रश्नच माझ्या दुखण्याचा नव्हता. डॉक्टरांनी टाक्यांच्या जागेची मुद्दाम वेगळी सोनोग्राफी करून घेतली आणि तिथे हर्निया नाही, तसेच सीझरच्या व्रणात काही वेळा गर्भाशयाच्या अस्तराची गाठ होते तीही नाही, याची खात्री केल्यावरच पुढचे पाऊल टाकले.

चिकटलेल्या आतड्यांचा प्रश्न मी स्वतःच काढला. डॉक्टरांचे म्हणणे असे की पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकांच्या पोटात कमीअधिक चिकटणे होतेच आणि त्यांतील बहुसंख्यांना त्याचा काही त्रास नसतो. नेदरलँड्समध्ये शंभर रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात काहींची चिकटलेली जागा दुर्बिणीतून सोडवली आणि काहींच्या पोटात नुसती दुर्बीण घालून पाहिली, आणि वर्षभरानंतर दोन्ही गटांना मिळालेल्या आरामात फरक आढळला नाही. शिवाय प्रत्येक नवी शस्त्रक्रिया पुन्हा चिकटण्याला निमंत्रण देऊ शकते. आतड्याला अडथळा होत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे शस्त्रक्रिया जीव वाचवते. माझ्या बाबतीत अडथळ्याचे एकही लक्षण नव्हते, आणि ठरत आलेली शस्त्रक्रिया आम्ही रद्द केली. या क्लिनिकने मला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट माझ्या मते हीच आहे.

त्या दिवशीच्या केसपेपरवर 'शस्त्रक्रियेनंतरची दीर्घकालीन वेदना' अशा अर्थाचे निदान लिहिले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, या वेदनेला स्वतंत्र स्थान आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारे दुखणे त्यात मोडते. माझे दुखणे तेव्हा सहाव्या वर्षात होते. घरी आल्यावर मी तो कागद यजमानांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि फाइलमध्ये सर्वांत वर लावला.

पुढच्या आठवड्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, त्या नसेभोवती भूल देणारे औषध आणि थोडे स्टेरॉइड सुईने सोडण्यात आले. सुई टोचताना दुखते, आणि ते आधी सांगितले जाते. पंधरा मिनिटांनी डॉक्टरांनी पुन्हा डोके उचलायला सांगितले तेव्हा मी कुशीवर न वळता सरळ उठून बसले, जे मी कित्येक वर्षांत केले नव्हते. ही सुई उपचार आहे तशी तपासणीही आहे: नेमकी तीच नस बधिर केल्यावर दुखणे थांबले, तर निदानाला बळकटी येते. पहिल्या सुईचा गुण सुमारे तीन आठवडे टिकला. दुसरीचा मात्र जेमतेम चार दिवस टिकला आणि त्या आठवड्यात मी फार खचले होते. तिसरी ऑक्टोबरमध्ये झाली आणि तिचा परिणाम बराच काळ राहिला; मात्र तोवर व्यायामही सुरू झाले होते, त्यामुळे श्रेय कोणाचे किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही.

औषधांबाबत माझा अनुभव संमिश्र आहे. सुरुवातीला दिलेल्या प्रीगाबालिन या मज्जातंतूच्या वेदनेवरील औषधाने मला इतकी गरगर होऊ लागली की वर्गात टेबल धरून उभे राहावे लागे. ते एकदम न थांबवता मात्रा उतरवत बंद केले गेले. नंतर ईसीजी काढून रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. गोळीचे नाव मोबाइलवर शोधले तर ती नैराश्यावरची असल्याचे दिसले आणि मला वाटले की इथेही शेवटी हे सगळे मनाचेच ठरवले गेले. मी दोन दिवस गोळी घेतली नाही. फोन केल्यावर डॉक्टरांनी नीट समजावले की मज्जातंतूच्या वेदनेसाठी हे औषध फार कमी मात्रेत दिले जाते आणि मेंदू व मज्जारज्जूकडील वेदनेचे संदेश सौम्य करण्यासाठी त्याचा उपयोग होतो. तोंड कोरडे पडते, पण झोप लागते. हे सांगणे गोळी लिहून देताना व्हायला हवे होते. माझ्यासारख्या रुग्णाने पाच वर्षे कोणते शब्द ऐकलेले असतात, याची कल्पना अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना असते, म्हणून ही अपेक्षा मला जास्तीची वाटत नाही.

क्लिनिकमधील फिजिओथेरपी हा भाग मला सर्वांत उत्तम वाटला. तिथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी पाहिले की मी पर्स उजव्या बाजूला पोटाशी दाबून धरते आणि उभी राहताना त्या बाजूला किंचित वाकते. ती सवय मला ठाऊकही नव्हती. दुखऱ्या जागेला सांभाळता सांभाळता भोवतीचे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि मग तेही दुखू लागतात. शिवाय दुखणे फार काळ चालले की मज्जासंस्था त्या जागेबाबत हळवी होते आणि साध्या स्पर्शालाही धोक्याचा संदेश मानू लागते. त्यावर उपाय म्हणून दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे, टाक्यांवर आधी कापूस, काही दिवसांनी मऊ सुती कापड, मग टॉवेल आणि शेवटी खोबरेल तेल लावून स्वतःचे बोट फिरवायचे, असा क्रम दिला. पाठीवर झोपून पोटाने श्वास घ्यायचा. आणि भिंतीला तोंड करून उजवा हात दुखेल त्याच्या थोडे अलीकडेपर्यंत वर न्यायचा व तिथे खूण करायची. मी शिक्षिका असल्यामुळे खडू घरात होताच. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंतच्या खडूच्या रेघा आहेत. काही आठवड्यांत रेघ बोटभर वर गेली, काही आठवड्यांत तिथेच राहिली, दुसऱ्या सुईनंतर ती खालीही आली. दिवाळीपूर्वी लेकीने त्या पुसायला घेतल्या तेव्हा सासूबाईंनीच तिला थांबवले.

फिजिओथेरपीच्या ताईंनी माझी आणखी एक खोड मोडली. बरे वाटेल त्या दिवशी मी साठलेली सगळी कामे उरकत असे आणि पुढचे तीन दिवस आडवी पडत असे. आता घड्याळ लावून वीस मिनिटे काम करायचे आणि दुखो वा न दुखो थांबायचे, असा नियम आहे. या दिवाळीत चकल्या तीन दिवसांत मिळून झाल्या, आणि पाडव्याला मी झोपून नव्हते.

आता तक्रारी. प्रतीक्षागृहात मऊ, खोल बसणारे सोफे आहेत. पोट आणि कंबर दुखणाऱ्यांना त्यातून उठताना किती यातना होतात, हे रोज समोर दिसत असूनही ते बदललेले नाहीत. तिथे ताठ पाठीच्या, हात असलेल्या खुर्च्या हव्यात. दिलेल्या वेळेनंतर मला सरासरी तासभर थांबावे लागले. फॉर्म आणि व्यायामाचे पत्रक केवळ इंग्रजीत आहे. माझ्या शेजारी बसलेल्या एक आजी ते घडी करून पिशवीत ठेवताना मी पाहिल्या आणि त्या घरी जाऊन ते उघडणार नाहीत हे मला दिसत होते. पहिल्या सुईचा खर्च कपडे बदलून टेबलावर झोपल्यावर सांगितला गेला, ही गोष्ट मला अजिबात पटली नाही. मी बोलल्यावर पुढील दोन्ही वेळी तो आधी लेखी मिळाला, पण प्रत्येक रुग्ण असे बोलू शकत नाही. डॉक्टर बाई रजेवर असताना आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी मला सात मिनिटांत बाहेर पाठवले.

खर्च असा झाला: पहिली तपासणी १,५०० रुपये, नंतरची प्रत्येक भेट ८०० रुपये, सोनोग्राफीसह एक सुई ९,००० रुपये आणि फिजिओथेरपी दर वेळी ६०० रुपये. यातील काहीच माझ्या मेडिक्लेममध्ये बसले नाही. नवी मुंबईहून जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्याला पूर्वेकडच्या बाजूच्या फलाटांवर येते आणि नौपाड्याकडे जाण्यासाठी सगळे फलाट ओलांडून पश्चिमेला उतरावे लागते. सुरुवातीला तो पूल मला क्लिनिकमधील सुईपेक्षा जड वाटत असे. सुई घेतलेल्या दिवशी एकटीने परत येऊ नये.

आठ महिन्यांनंतर माझी स्थिती सांगते. दहापैकी सातवर असलेले दुखणे बहुतेक दिवशी तीनवर आहे. पाऊस-थंडीत किंवा जागरणाने ते पाचवर जाते. ते पूर्ण गेलेले नाही आणि पूर्ण जाईल असे आश्वासन मला कोणी दिलेले नाही. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की दुखणे निम्म्यावर आणणे आणि अडलेली कामे सुरू करून देणे, एवढे ध्येय आपण ठेवू. त्या प्रामाणिकपणामुळेच दुसरी सुई वाया गेल्यावरही मी परत गेले.

प्रत्येक पोटदुखीसाठी मात्र पेन क्लिनिक गाठू नये. उलट्या होणे, पोट फुगून वात आणि शौच बंद होणे, ताप, शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणे, टाक्यांच्या जागी फुगवटा येऊन तो आत न जाणे, यांपैकी काहीही असेल तर आधी सर्जनकडे किंवा थेट रुग्णालयात जावे. या क्लिनिकमध्येही सर्वांत आधी याच प्रश्नांची उत्तरे विचारली जातात, आणि माझ्यासमोर एका काकांना तिथूनच रुग्णालयात पाठवण्यात आले.

जाताना जुने रिपोर्ट न्याच, पण त्याहून महत्त्वाची आहे शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, ज्यात छेद कसा घेतला आणि काय आढळले हे लिहिलेले असते. माझ्याकडे केवळ डिस्चार्ज कार्ड होते. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे मी २०२४ मध्ये चौकशी केली तेव्हा कागद आता ठेवलेले नाहीत असे उत्तर मिळाले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. माझी तीन वर्षे कधीच उलटून गेली होती. ज्यांची शस्त्रक्रिया अलीकडे झाली आहे त्यांनी, दुखत असो वा नसो, तो कागद या आठवड्यातच लेखी अर्ज करून मागून घ्यावा.